मडक्यातल्या बोंबलांची कहाणी

ऐक देवबापा, तुझ्या लेकींची कहाणी. ऐका बायांनो, हातातलं काम घटकाभर खाली ठेवा.

आटपाट गाव होतं. एका अंगाला दर्या, एका अंगाला केळीच्या बागा, वेशीवर पांढरा क्रूस. त्या गावात पास्कू नावाचा कोळी होता. त्याची आई कात्रीनबाय, त्याची बायको दुलसिन. दुलसिन नवी सून. कामाला वाघीण, हाताला चव, पण एक खोड होती. ती प्रश्न विचारी. भरतीचं पाणी ओहोटीला कुठे जातं? मासा झोपतो तर डोळे का मिटत नाही? सासू म्हणे, "सूनबाई, माशाला काटे नसतील तेवढे तुझ्या तोंडात प्रश्न. एखादा घशात अडकेल." दुलसिन म्हणे, "अडकला तर काय करायचं, आई?" सासू कपाळाला हात लावी.

दुलसिनला एक जिन्नस फार आवडे. निखाऱ्यावर भाजलेला बोंबील. पास्कू संध्याकाळी होडी लावी, पाटी आणी, आधी बायकोचा वाटा बाजूला काढी. सासू बघे आणि न बघितल्यासारखं करी.

मग काय झालं? राखेचा बुधवार आला. बाया देवळातून आल्या, कपाळाला राख लावून क्रूसाखाली बसल्या. दुलसिन जवळ गेली. "बायांनो, बायांनो, कसला वसा घेता?"

"तुला काय करायचं? हसशील, रुसशील, अर्ध्यावर सोडशील."

"हसणार नाही, रुसणार नाही, अर्ध्यावर सोडणार नाही. मला सांगा."

मग त्यांनी सांगितलं. "देहाचं आणि आत्म्याचं भांडण असतं. देह म्हणतो खा, आत्मा म्हणतो थांब. आपल्याला जे फार आवडतं ते चाळीस दिवस सोडायचं. सुटलेला घास तसाच उचलायचा, ज्याची चूल थंड असेल त्याच्या दारात त्याच दिवशी ठेवायचा. बोलायचं नाही, सांगायचं नाही. मग पुनरुत्थानाच्या सणाला सगळ्यांनी मिळून जेवायचं."

दुलसिनने विचारलं, "पण भांडण होतं ते कुठे? डोक्यात की पोटात?"

एक बाई म्हणाली, "उपास करून बघ. कळेल."

दुलसिनने बोंबील सोडला. गावात मारूबाय होती. तिचा नवरा दर्यात गेला तो आला नाही, पदरात दोन लहान लेकी. पहिल्या दिवशी दुलसिनने आपला वाटा केळीच्या पानात बांधला, मारूबायच्या उंबऱ्यावर ठेवून आली. दुसऱ्या दिवशी ठेवून आली. तिसऱ्या दिवशी बोंबील आले ते जाड, पांढरेशुभ्र, लुसलुशीत. दुलसिन पान हातात घेऊन उभी राहिली. तिला वाटलं, मी खात तर नाहीच. खाल्लं नाही म्हणजे उपास मोडला नाही. वाळवून ठेवले तर काय बिघडलं? सणाला खाईन. सणही देवाचाच.

मग तिने बोंबील दोरीवर वाळत घातले. वाळले तसे मडक्यात भरले. मडकं माळ्यावर ठेवलं, वर फडकं बांधलं.

चौथ्या दिवशी तेच केलं, पाचव्या दिवशी तेच केलं. घास एकही खाल्ला नाही, पण रोज शिडी चढायची, फडकं सोडायचं, हुंगायचं, पुन्हा बांधायचं. ओठांवर प्रार्थना असे, नाक मडक्यात असे. खाली उतरताना मागच्या झरोक्यातून मारूबायचं घर दिसे. कौलांतून धूर निघत नसे. दुलसिनला ते दिसलं. मग तिने झरोक्याला सूप टेकवलं.

बाया म्हणत, "दुलसिनचा उपास बघा, बोंबलाकडे ढुंकून बघत नाही." सासूसुद्धा शेजारणीला म्हणाली, "प्रश्न विचारते, पण वसा पाळते." दुलसिन मान खाली घाली. ऐकून बरं वाटे, आणि बरं वाटलं की पोटात कुठेतरी टोचे. हेच का ते भांडण, तिला वाटे.

चाळीस दिवस झाले. पुनरुत्थानाचा सण आला. घंटा वाजल्या. दुलसिन देवळातून धावत आली, मडकं खाली काढलं, त्यातले चार बोंबील निखाऱ्यावर टाकले. वास घरभर झाला. तिने पहिला घास तोंडात घातला.

चव नाही.

मीठ लावलं, मीठ लागेना. मिरची चोळली, मिरची लागेना. गुळाचा खडा घेतला, तोही राखेसारखा. दुलसिन आपल्या जिभेला चिमटा काढून बघू लागली. मडकं पुन्हा माळ्यावर गेलं.

एक दिवस गेला, दोन दिवस गेले, आठ दिवस गेले. घास तोंडात फिरे, घशाखाली उतरेना. कालवण कधी खारट, कधी अळणी, कारण चाखणारी जीभच गेली. पास्कू गुपचूप पाणी घालून खाई. कात्रीनबाय म्हणाली, "सूनबाई, दर्याचं सगळं मीठ आपल्याच घरी का आणलंस?"

मग तिसऱ्या आठवड्यात सासूने सुनेकडे नीट पाहिलं. डोळे पाहिले, नखं पाहिली, चाल पाहिली. म्हणाली, "पोरी, तुला दिवस गेलेत. आणि तू तर काटकुळी होत चाललीस." त्या दिवसापासून तिने टोमणे थांबवले. पेज करी, भरवायला बसे. पेज ओठांतून परत येई. कात्रीनबाय आत जाऊन डोळे पुसून येई. तू खाल्लं नाहीस तर ते कसं जगेल, हे तिने एकदाही म्हटलं नाही. दुलसिनला ते तसंच ऐकू येई.

दुलसिन पाद्रीबाबांकडे गेली. "बाबा, मी देहाला उपाशी ठेवलं, तर चव का गेली? आणि गेली ती कुठे गेली?" पाद्रीबाबा भले होते, खोटं बोलत नसत. म्हणाले, "बाळे, माझ्या पुस्तकात देहाचं लिहिलंय, आत्म्याचं लिहिलंय, तुझ्या जिभेचं नाही लिहिलं. दर्याच्या काठाने चालत जा. विचारत जा. विचारायला तुला येतंच."

मग दुलसिन निघाली. काठाकाठाने चालली.

वाटेत एक विहीर लागली. विहीर म्हणाली, "बाई, बाई, कुठे जातेस?"

"माझी चव शोधायला जाते."

"मग माझंही एक विचार. मी काठोकाठ भरलेली आहे. मालकाने वर झाकण घातलंय, कुणाला थेंब देत नाही. तरी माझं पाणी का नासलं?"

"विचारीन," म्हणाली, पुढे गेली.

पुढे वाळूत एक होडी उभी होती. निळा रंग, पुढच्या टोकाला, नाळेवर, फुलांचा हार. होडी म्हणाली, "बाई, बाई, माझंही विचार. मला दरवर्षी आशीर्वाद देतात, रंग देतात, पाण्यात मात्र लोटत नाहीत. मला खरचटू नये म्हणतात. तरी माझ्या फळ्या का किडल्या?"

"विचारीन," म्हणाली, पुढे गेली.

पुढे टेकाडावर एक क्रूस होता, क्रूसापाशी एक माणूस बसला होता. हाताच्या काड्या, गालांचे खड्डे. "बाई, मी सात वर्षं उपास करतो. मासा सोडला, मीठ सोडलं, अंथरूण सोडलं. पण शेजाऱ्याचा राग सुटत नाही. त्याने माझ्या बांधावर नारळ लावलाय. डोळे मिटले की नारळच दिसतो. एवढं विचार."

"विचारीन," म्हणाली. थकली होती, तिथेच पायथ्याशी निजली.

उजाडताना जाग आली. खाली किनाऱ्यावर धूर दिसला. एक जण वाळूत विस्तव पेटवून मासे भाजत होता. हातांवर जुन्या जखमांचे व्रण होते, जाळ्याने पडतात त्याहून खोल. त्याने वर बघून हाक मारली, "ये, न्याहारी करून घे."

दुलसिन जाऊन बसली. "बाबा, मला चव नाही."

"मग बस नुसती. मला तर भूक लागली आहे."

तो जेवू लागला. सावकाश, काटा काटा वेगळा करत, बोटं चाटत. दुलसिन बघत राहिली. तिला वाटलं, हा कुणी देवाचा माणूस दिसतो, आणि जेवतो किती मन लावून. मग तिच्याने राहवेना. आधी विहिरीचं विचारलं, मग होडीचं विचारलं, मग उपाशी माणसाचं विचारलं.

तो म्हणाला, "विहिरीला सांग, झाकण काढू दे, गाव पाणी भरू दे. होडीला सांग, खरचटलं तर खरचटलं, लाटेवर जा. त्या माणसाला सांग, आज दुपारी शेजाऱ्याकडे जेवायला जा."

"आणि माझं? देहाचं नि आत्म्याचं भांडण कुठे होतं, बाबा? मी देहाला चाळीस दिवस हरवलं. तरी हरले."

त्याने विस्तवातलं लाकूड सारलं. "मडक्यातले मासे देहाने खाल्ले?"

"नाही."

"आत्म्याने खाल्ले?"

"आत्मा कसा खाईल?"

"कुणा भुकेल्याने खाल्ले?"

दुलसिन हळूच म्हणाली, "नाही."

"मग चाळीस दिवस जेवलं कोण?"

दुलसिनला शिडी आठवली. फडकं आठवलं. झरोक्याला टेकवलेलं सूप आठवलं. ती म्हणाली, "माझं माझं म्हणणारी एक आत बसली होती, बाबा. ती जेवली. रोज जेवली."

"तिचंच भांडण आहे," तो म्हणाला. "हा देह बिचारा गरीब आहे. भूक लागली तर सांगतो, पोट भरलं तर गप्प बसतो. त्याला मारू नकोस. मीही त्याला टाकून आलो नाही."

मग त्याने नारळाची करवंटी घेतली, तीत राख घातली, राखेत एक निखारा ठेवला. "हा ने. थंड चुलीत ठेव." दुलसिनने करवंटी पदराआड धरली, पाया पडायला वाकली, वर बघते तो वाळूत नुसत्या पावलांच्या खुणा. भरतीचं पाणी त्यांत भरत होतं.

परत निघाली. उपाशी माणसाला निरोप सांगितला. तो म्हणाला, "त्याच्याकडे? जेवायला? त्याचा नारळ माझ्या बांधावर आहे."

दुलसिन म्हणाली, "मग चटणी तरी चांगली असेल."

माणूस सात वर्षांत पहिल्यांदा हसला. काठी शोधू लागला.

होडीला सांगितलं, विहिरीला सांगितलं. विहिरीचा मालक तिथेच होता, त्याला स्वतःलाच तहान लागली होती. त्याने झाकण सरकवलं.

दुलसिन घरी आली. निखारा विझला नव्हता. कात्रीनबाय दारात उभी होती. "आलीस? चूल पेटलेलीच आहे, आत ये." दुलसिन म्हणाली, "आई, ही आपल्या चुलीची आग नव्हे." मग माळ्यावर चढली. झरोक्याचं सूप काढलं. मडकं काखेत घेतलं, करवंटी हातात घेतली, आणि भर दुपारी, सगळ्या गावादेखत, मारूबायच्या दारी गेली.

मारूबाय उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, "दोन दिवस पान आलं. तिसऱ्या दिवसापासून पोरी उंबरा बघत बसल्या. आज वाट सापडली वाटतं?"

दुलसिन म्हणाली, "वाट ठाऊक होती. मीच आले नाही. हा तुमचा वाटा. मी माळ्यावर ठेवला होता." आणि रडली नाही, कारणं दिली नाहीत, मडकं खाली ठेवून उभी राहिली.

मारूबायने मडक्याकडे पाहिलं, तिच्या हाडकुळ्या हातांकडे पाहिलं. मग निखारा चुलीत ठेवला, फुंकर घातली. सणाला गावाने दिलेले मूठभर तांदूळ उरले होते, त्यांची पेज ठेवली. बोंबील भाजले, मिरची वाटली. कौलांतून धूर निघाला. पोरी जेवायला बसल्या. दुलसिन जायला वळली.

"कुठे निघालीस?"

"मी द्यायला आले होते. मला चव नाही."

"माझ्या चुलीवरून पोटुशी उपाशी उठायची नाही. बस."

दुलसिन बसली. धाकट्या पोरीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग आपल्या ताटलीतला बोंबील मोडला, मोठा तुकडा ठेवून घेतला, थोडं थांबली, लहान तुकडा परत ठेवला आणि मोठा दुलसिनच्या तोंडात घातला. बोटांसकट.

आधी मीठ लागलं. मग धूर लागला. मग आणखी काही लागलं आणि दुलसिनच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं.

मारूबाय घाबरली. "काय झालं गं?"

"काही नाही," दुलसिन म्हणाली. "मिरची जास्त झाली आहे."

मग पेज प्याली, आणखी मागितली, ताटली पुसून खाल्ली. दिवस भरले, बाळ झालं, चांगलं दणकट झालं, दोन्ही हातांच्या मुठी वळून आलं. सासूने एक एक बोट उघडून पाहिलं आणि म्हणाली, "या लेकीलाही मूठ उघडायला शिकवावं लागणार." दुसऱ्या वर्षी राखेचा बुधवार आला, दुलसिनने पुन्हा बोंबील सोडला. मडकं मात्र मारूबायच्या पोरींना पाणी भरायला देऊन टाकलं.

तर बायांनो, वसा घ्यावा तो असा घ्यावा. आवडीचा घास सोडावा, सुटला तो त्याच दिवशी पोचवावा, उद्याला ठेवू नये. देहाला रागावू नये, आतल्या झाकणाला मात्र रोज हात लावून बघावं. दुलसिनला जशी तिची चव मिळाली, तशी तुम्हांआम्हां मिळो; कुणाची चूल थंड न राहो, कुणाची जीभ राख न होवो. चाळीस दिवसांची कहाणी एका घासात सुफळ संपूर्ण.