सावळेवाडीच्या डाळिंबांची चिंधी

शके अठराशे अडतीस, मार्गशीर्ष वद्य पंचमी. थंडी कडक होती. सावळेवाडीत परसातल्या डाळिंबांच्या खोडांना ज्या चिंध्या दिसतात, त्यांची गोष्ट त्या दिवशी सुरू झाली, असे सांगतात.

हैबती गुरवाच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर, एकच डाळिंब होते. त्याच्या बायकोने, ठकूने, लावलेले. मरताना तिने एवढेच मागितले होते, "माझ्या तिथीला ह्या झाडाचं फळ ठेवा." तिथी आषाढात. नऊ वर्षे हैबतीने ती चुकवली नव्हती. मार्गशीर्ष लागला की तो झाडाचे पाणी तोडायचा, मुळे उघडी करायचा. पाने गळून नुसत्या काटक्या उरायच्या. माघात खतपाणी दिले की तांबडी कळी फुटायची. तहान सोसल्याशिवाय डाळिंब फळ धरत नाही, हे त्याला ठकूनेच शिकवले होते.

त्या पंचमीला तो पाणी तोडून लेकीच्या गावी गेला. शेजारी नवी सून आली होती, चिमा. नदीकाठच्या गावची. गळती पाने पाहून तिचा जीव कळवळला. आड लांब, तरी रोज दोन घागरी तिने भिंतीवरून ओतल्या.

महिन्याने हैबती परतला, तर झाड हिरवेगार. फाल्गुन आला, कळी एक नाही.

"पाणी कुणी घातलं?"

"मी, आबा. झाड मरत होतं."

"मरत नव्हतं. तहानेलं ठेवलं होतं. आता तिथीला काय मांडू, तुझी घागर?"

"तुमचं फळ माझ्याकडं लागलं. फेडीन."

"नदीकाठची माणसं! पाणी दिसलं की ओतायचं."

रागाच्या भरात त्याने पहार घेतली आणि झाड मुळासकट उपटले. ते आडवे झाल्यावर त्याच्या ध्यानात आले, ठकूच्या हातचे एवढेच उरले होते. चिमाने त्या झाडाच्या काड्या वेचून आपल्या न्हाणीपाशी रोवल्या. एक जगली.

तीन आषाढ ठकूचे पान फळावाचून गेले. दोन घरांत बोलणे नव्हते. हैबती रोज सकाळी राखुंडीने दात घाशीत भिंतीपाशी उभा राहायचा, म्हणे, आणि पलीकडचे रोप किती वाढले ते बघायचा. रोप छातीएवढे झाले, त्या मार्गशीर्षात तो पहिल्यांदा बोलला.

"आता पाणी तोड."

"वाळलं तर, आबा?"

"वाळत नाही. मी बघतोय."

त्याने ठकूच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून भिंतीवरून दिला. "खोडाला बांध. म्हणजे घरात कुणी कळवळून घागर ओतणार नाही."

"घरात तसली मी एकटीच हाय."

"म्हणूनच बांध म्हणतोय."

पाने गळाली. चिमा घागर घेऊन झाडापाशी यायची, चिंधी बघायची, माघारी जायची. माघात कळी फुटली. आषाढात, तिथीच्या सकाळी, तिने पहिले फळ भिंतीवर ठेवले.

"फिटलं, आबा."

हैबतीने फळ दोन्ही हातांनी उचलले आणि ठकूच्या पानावर ठेवले.

आजही सावळेवाडीत मार्गशीर्षात डाळिंबाला चिंधी बांधतात. बहराचे पहिले फळ घरात खात नाहीत, शेजारच्या भिंतीवर ठेवतात. ठेवणारा "फिटलं" म्हणतो. घेणारा ते दोन्ही हातांनी उचलतो.