ठकू आणि अकरा महिन्यांचं वर्ष

"कायम चाकर असशील तर तक्रार कर! हंगामी माणसाला तक्रारीचा हक्क नाही," विसाजीपंत कारभारी म्हणाले.

"पण पंत, माझी तक्रारच ही आहे, की तुम्ही मला कायम करत नाही!" ठकू म्हणाली.

"मग आधी कायम हो. मग कर तक्रार."

"कायम झाल्यावर कशाला करू?"

"तेच म्हणतो मी, कशाला करतेस?" आणि पंत स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसले. दुसरं हसणार कोण म्हणा!

कातळगडाचा कायदा साधा होता. सरकारी चाकरीत सलग बारा महिने काढले की माणूस कायम. त्याला चाकरआळीत घर आणि म्हातारपणी बसून भाकरी. पण तीन वर्षांपूर्वी हे विसाजीपंत आले आणि त्यांनी शक्कल काढली. माणसं पाडव्याला ठेवायची आणि माघ संपला की हाकलायची. भरले अकराच महिने! फाल्गुनात घरी बसून बोंबला, नाहीतरी शिमगाच असतो. पुढच्या पाडव्याला तोच माणूस पुन्हा नवा म्हणून कामावर. पंतांचा मेहुणा मात्र पहिल्या दिवसापासून कायम. हत्ती दिसला की हा बहाद्दर झाडावर चढायचा, आणि नेमणूक कुठं? हत्तीखान्यात!

त्याच हत्तीखान्यात ठकू चंपा हत्तिणीला पाणी भरायची. नाव ठकू, पण ठकवणारे दुसरेच. दर फाल्गुनात गडावरची राहती छपरी रिकामी करून ती म्हाताऱ्या सासूला घेऊन गड उतरायची. यंदा सासू अंथरुणाला खिळली होती. तिला पाठुंगळी मारून त्या पायऱ्या उतरायच्या म्हणजे म्हातारी वाटेतच जायची. ठकूला त्या विचारानं अन्न गोड लागेना.

तशी दफ्तराबाहेर तक्रारपेटी होती हो! किल्ली पंतांच्या कमरेला. पेटीतल्या अर्जांवर त्यांच्या आंघोळीचा बंब तापायचा. म्हणून माघाच्या अमावास्येला, छपरी सोडायच्या दिवशीच, ठकू पदर खोचून थेट दरबारात शिरली.

रणधीरराव महाराज माणूस वाईट नव्हते, पण हट्टी! एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाहीच.

"नियम आमच्या आजोबांचा आहे," ते गरजले. "तक्रार कायम चाकरानंच करायची! तू कायम आहेस हे इथल्या इथं सिद्ध कर, तर ऐकतो. नाही जमलं, तर पुन्हा गडाची पायरी चढायची नाही!"

पंतांनी मिशीवरून हात फिरवला. पण ठकूचं तोंड काही थांबलं नाही.

"पंत, तुम्ही मला कामावर घेतलंत कधी?"

"पाडव्याला."

"आणि काढलंत?"

"आज. माघाच्या अमावास्येला."

"मधे एखादा खाडा?"

"खाडा?" पंत छाती काढून म्हणाले. "एक जरी खाडा केला असतास तर तेव्हाच हाकलली असती!"

"मग मोजा महिने. मोठ्यानं!"

पंत बोटांवर मोजू लागले. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ करत करत माघापर्यंत आले. "अकरा! झालं समाधान?"

"झालं. फक्त एवढं सांगा, पंत, यंदा श्रावण किती वेळा आला?"

पंतांची बोटं पुन्हा श्रावणावर गेली. मग कोपऱ्यातले म्हातारे जोशीबुवा खुदकन हसले. "दोनदा, महाराज! यंदा अधिक श्रावण होता. बाईचे बारा भरले!"

पंतांचा चेहरा उतरला. "धोंड्याचा महिना धरायचा नसतो! मलमास तो! त्यात शुभकार्य होत नाही!"

"अगबाई! हत्तिणीला पाणी पाजणं हे शुभकार्य कधीपासून झालं?" ठकू म्हणाली. "चंपानं काय महिनाभर उपास धरला होता?"

"शास्त्रात तो महिना महिनाच नाही!"

"असं?" ठकू महाराजांच्या शेजारी बसलेल्या जावईबापूंकडे वळली. "धोंड्याचं वाण म्हणून जावईबापूंना वाड्यावरून तेहतीस अनारसे गेले. महिना आलाच नव्हता, तर घ्या की पंत ते अनारसे परत!"

जावईबापूंनी घाबरून दोन्ही हात पोटावर ठेवले. महाराजांनी ते पाहिलं आणि ते जे हसायला लागले! पगडी घसरली, डोळ्यांतून पाणी आलं.

"हरलो, ठकूबाई! तू कायम! बोल, आता तक्रार काय?"

"माझी मिटली. पण हत्तीखान्यापासून मुदपाकखान्यापर्यंत माझ्यासारखे सत्तरजण आहेत, महाराज. दुसरा श्रावण त्यांनाही चुकला नव्हता."

"सगळे कायम! सासूला गडावरून हलवू नकोस. पंतांच्या मेहुण्याचं घर आजच रिकामं होईल, तिथं राहा. आणि पंत, कारभार ठेवा खाली! उद्यापासून चंपाचं पाणी तुम्ही भरायचं!"

पंतांनी कमरेची किल्ली सोडून खाली ठेवली. मग रडवेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "अगं ठके, ती हत्तीण दिवसाला हंडे तरी किती पिते?"

"मोजत बसू नका, पंत," ठकू म्हणाली. "मोजणं तुम्हाला जमत नाही!"

महाराज हसता हसता गादीवर आडवे झाले, आणि मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी ठकूच्या ओंजळीत टाकलं.