विहीर टाळून जाणारी म्हातारी

फार जुनी गोष्ट. माणसाला आवडेल तिथं खुंटी ठोकून घर मांडता यायचं, तेव्हाची. एका गावात एक जमिनीचा पारखी होता. चिमूटभर माती जिभेवर ठेवून सांगायचा, इथं ज्वारी येईल, इथं तूर, इथं नुसते धोंडे. चुकायचा नाही. आणि आपण चुकत नाही हे त्याला फार ठाऊक होतं. सगळा घोळ तिथंच होता.

भावाभावांचं पटेना, तेव्हा त्यानं गाडी जुंपली. गाडीत बायको, पाच वर्षांची चिंगी, बियाण्याची दोन पोती आणि एक कोंबडी. "आता असं ठिकाण बघतो," तो म्हणाला, "की चिंगीच्या नातवंडांनाही हलायला नको."

निघाला तोही वैशाखात. श्रावणात कुठलाही माळ गोजिरा दिसतो, जमीन बघावी ती उन्हात, असं त्याचं म्हणणं. ते खरंच होतं. मूर्ख नव्हता तो.

तेराव्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी एक मोकळा पट्टा लागला. पारख्यानं हातभर खड्डा खणला आणि काढलेली माती परत त्यात लोटली. खड्डा भरून वर ढीग उरला. म्हणजे जमीन कसदार. मधोमध बांधीव विहीर, भर वैशाखात हात घालावा इतकं वर पाणी. नितळ, गोड. बायकोनं त्यात डाळ शिजत घातली, ती दोन उकळ्यांत लोण्यासारखी झाली.

"डाळ शिजली ना? मग पाण्यात खोट नाही," पारखी म्हणाला.

विहिरीभोवती तीन घरांचे चौथरे होते. ओसाड. चुलीचे दगडसुद्धा जागच्या जागी.

"धनी, ही माणसं का गेली असतील?"

"आळशी असतील. माती कळायला अक्कल लागते."

तेवढ्यात डोंगरावरून एक म्हातारी उतरली. डोक्यावर भरलेली कळशी. विहिरीजवळून गेली, पण तिकडं बघितलंही नाही. पलीकडं तिची झोपडी होती.

"दारात हीर, आन् ही बाई डोंगरावरनं पाणी आणते," बायको म्हणाली. "तिला इचारा की."

पारखी हसला. "त्यात काय विचारायचं? खालच्या जातीची दिसते. कुणी विहीर शिवू दिली नसेल, तीच सवय लागली."

"पर आता मनाई करायला हितं हाय कोण?"

तो बायकोवर खेकसला, "तुला जमिनीतलं काय कळतं?"

कळशी ठेवून म्हातारी परत आली. "पाव्हणं, या हिरीचं पाणी..."

"लांब! तिथंच उभी राहा. पोरीवर सावली पाडू नको."

म्हातारी थांबली. चिंगी कोंबडीमागं पळत होती, तिच्याकडं तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरं. लांबच राहते." आणि गेली.

घर उभं राहिलं. पहिल्या साली ज्वारी डोक्याच्या वर गेली. दुसऱ्या साली त्याहून वर. पारखी ओट्यावर बसून, कळशी घेऊन जाणाऱ्या म्हातारीला रोज हसायचा.

तिसऱ्या साली चिंगीचे नवे दात आले ते पिवळे, वर तपकिरी डाग. चिंचा खाते, आईबाप म्हणाले. चौथ्या साली तिचे गुडघे एकमेकांवर आपटायला लागले. तेल चोळलं, पाला बांधला. पाय वाकतच गेले. बैलाला उठवेना. बायकोची पाठ लाकडासारखी झाली. दारच्या वासराच्या पुढं पळणारी पोर उंबऱ्यावर बसून राहिली, आणि वासरू आपलं तिच्यापाशी येऊन उभं राही.

एका सकाळी पारख्याला स्वतःचीच मान वळवता येईना. समोरून म्हातारी येत होती. ऐंशीच्या पुढची बाई, डोक्यावर भरली कळशी, आणि पाठ काठीसारखी सरळ. इतकी वर्षं हसला, पण ही पाठ त्यानं आजच बघितली.

तो उठून वाटेत गेला. "आजी, विहिरीत काय आहे गं?"

"ते मला ठावं न्हाई. हाडं वाकत्यात, येवढं ठावं. हीर माझ्या नवऱ्यानंच खणली. माझी दोन लेकरं त्याच पाण्यानं लुळी होऊन गेली. तवापासनं डोंगर चढते."

ती कुठल्या जातीची ते तिनं सांगितलं नाही. आणि आता त्यानं विचारलंही नाही.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायलाच आले हुते. तू लांब उभी केलीस. तुज्या आदी तिघांना सांगितलं, त्यांना वाटलं म्हातारीला हीर येकटीला पायजे. तरी तुज्या दारावरनं रोज भरली कळशी न्हेली. तू हसायचास."

पारख्यानं विचारलं, "आता डोंगरावरचं पाजलं, तर पोरीचे पाय सरळ होतील?"

म्हातारी उंबऱ्यावरच्या चिंगीकडं बघत राहिली. "आणखी वाकायचं न्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून पारखी कण्हत कण्हत डोंगर चढू लागला. म्हातारी त्याच हिवाळ्यात गेली.

पुढच्या वैशाखात विहिरीपाशी एक गाडी थांबली. एक तरणाबांड गडी खड्डा भरून उरलेली माती बघून हसत होता. पारखी कळशी घेऊन उतरला. "भाऊ, ह्या विहिरीचं पाणी..."

गड्यानं त्याची ताठलेली मान बघितली, वाकडी कंबर बघितली. "लांबून जा, बाबा. कसला रोग आहे कोण जाणे. गाडीत पोरं आहेत."

पारख्यानं कळशी खाली ठेवली आणि तिथंच वाटेत बसकण मारली. "ऐकल्याबिगर हलत नाही," म्हणाला. गड्यानं त्याच्याकडं पाठ केली.

गाडीमागं चूल पेटली होती. डाळ शिजत आल्याचा वास सुटला होता.

तात्पर्य काय, तर जागा बघायला गेलात की माती चाखा, पाणी चाखा. पण तिथं आधीपासून राहणाऱ्या माणसाला जवळ बसवून त्याचं बोलणं पुरतं ऐका. लांब उभं केलेल्या माणसाचं शहाणपण घरापर्यंत पोचत नाही.