दोन कंट्रोलर, आठ खलाशी

सन दोन हजार चोवीस, आषाढाचा वद्य पक्ष. मासेमारीबंदीचे सहा दिवस उरले होते आणि माझ्या बोटीवर खलाशी उरला नव्हता. कारण एक खोकं.

बंदीत वेळ जात नाही म्हणून माझ्या आठ खलाशांनी वर्गणी काढून व्हिडिओ गेमचं नवं यंत्र आणलं. मच्छीमार सोसायटीच्या हॉलमधल्या टीव्हीला जोडलं. खेळ बोटींच्या शर्यतीचा. खेळणारे आठ आणि कंट्रोलर दोन! दोघे खेळायचे, सहा जण मागून शिव्या द्यायचे. शेवटी हरेश्वर आणि दामूची जुंपली. हरेश्वर म्हणाला, "बोटीवर तो तरी राहील, नाहीतर मी तरी!" दामूही तेच म्हणाला. तिघे याच्या बाजूला गेले, तिघे त्याच्या. एक तारखेला बोट पाण्यात लोटायची कुणी?

मी नाखवा. बोट माझी, सुकाणू माझं, सोसायटीचा अध्यक्षही मीच. शाळा चौथी, तीही नापास. एकोणनव्वदच्या वादळातून मी एकट्यानं होडी परत आणली, हे बंदरावरच्या कुत्र्यांनाही पाठ आहे. मीच पाठ करून घेतलं आहे.

"आणखी सहा कंट्रोलर आणा," मी म्हणालो.

"जमत नाही, नाखवा," केशव म्हणाला. केशव माझा सर्वांत जुना खलाशी. "या यंत्राला दोनच चालतात. तिसरा घेतच नाही."

"घेत नाही? तुम्हाला जोडता येत नाही म्हणा!"

मी स्वतः बाजारात गेलो. सहा भोकांचा एक्स्टेंशन बोर्ड आणला. सगळ्यांसमोर भिंतीला लावला आणि म्हणालो, "जोडा आता!"

कुणी हसलं नाही. हसायची हिंमत नव्हती. बोर्डाचा लाल दिवा लागला, एवढंच झालं. कंट्रोलरला वायरच नसते, हे मला तेव्हा कळलं.

अपमान झाला की मी हुकूम काढतो. तसा काढला.

"उद्या दुपारी चारपर्यंत याच यंत्रावर, याच दोन कंट्रोलरवर आठही जण एकाच वेळी खेळले पाहिजेत! पाळी लावायची नाही, कुणी रिकामं बसायचं नाही. नाहीतर खोकं खाडीत! आणि जो हे करून दाखवेल, त्याला मागेल ते देईन."

होणारं नव्हतं. म्हणून तर सांगितलं.

कोपऱ्यात चांगुणा जाळं सांधत बसली होती. पद्मनची मुलगी. पद्मन माझ्या बोटीवर खलाशी होता. चार वर्षांपूर्वी वारला. ती मान वर न करता म्हणाली, "मागेल ते?"

"मागेल ते! नाखव्याचा शब्द आहे."

"मग उद्या कशाला? आत्ताच करते."

तिनं मासळीच्या दोन टोपल्या उपड्या घातल्या. प्रत्येकीच्या बुडावर एक कंट्रोलर ठेवला आणि जाळ्याच्या दोऱ्यानं असा बांधला, की कुणाच्या बापाला हिसकावता येऊ नये. एकेका टोपलीभोवती चौघांना बसवलं.

"हरेश्वरदादा, हा दांडा फक्त तुमचा. बोट वळवायची. केशवमामा, हे बटण वेगाचं. गणूदादा, हे उडीचं. दामूदादा, तुमच्याकडे ब्रेक."

"बोटीला कधी ब्रेक असतो का गं?" मी विचारलं.

"टीव्हीतल्या बोटीला असतो, नाखवा."

दुसऱ्या टोपलीचीही तशीच वाटणी झाली. शर्यत सुटली. पहिल्याच वळणावर हरेश्वरची बोट खडकावर गेली.

"दाम्या, दाब की!"

"आधी सांगशील तर दाबीन!"

दुसऱ्या वळणाला हरेश्वरनं आधी सांगितलं, "हळू!" दामूनं दाबलं. बोट सुरेख वळली. दोघेही ओरडले, "घाल आता वेग!" आठ दिवसांत ते दोघे पहिल्यांदा एकमेकांशी बोलले होते, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

माझ्या आलं. आणि मला ते सोसेना.

"ही लबाडी आहे!" मी गरजलो. "सुकाणू एकाच्या हातात! खेळतो तो एकटा. बाकीचे नुसती बटणं दाबतात. बंद करा!"

चांगुणानं सुई खाली ठेवली. "नाखवा, एकोणनव्वदच्या वादळातून होडी कुणी आणली?"

"मी!"

"एकट्यानं?"

"एकट्यानं!"

"तेव्हा होडीला इंजिन नव्हतं. शीड कुणी उतरवलं? पाणी कुणी उपसलं?"

मी केशवकडे पाहिलं. पाणी उपसणारा केशव समोरच बसला होता. त्यानं टीव्हीवरची नजर हलवली नाही.

"सुकाणू धरणाराच होडी चालवत असेल," चांगुणा म्हणाली, "तर केशवमामा त्या रात्री नुसते बसून होते, असं त्यांच्या तोंडावर सांगा. आणि सगळ्यांनी मिळून चालवली असेल, तर हे आठही जण खेळतायत! सांगा, नाखवा, काय ते."

दोन्हीकडून अडकलो होतो. आणि मला हसू फुटलं. इतका हसलो, की बसलो होतो ती खुर्ची मागे कलली आणि दामूनं ब्रेक सोडून मला सावरलं.

"हरलो!" मी म्हणालो. "एक तारखेला आठही जण बोटीवर पाहिजेत. खोकं हॉलमध्ये राहील. आणि तू माग, पोरी. मोबाइल? शिवणयंत्र?"

"वादळाची गोष्ट सांगा. सगळ्यांसमोर. पण पुरती."

पद्मनच्या उजव्या तळहातावर दोरानं कापल्याची आडवी खूण होती. मरेपर्यंत होती. मी ती रोज बघत होतो.

मी उभा राहिलो.

"सुकाणू माझ्या हातात होतं. पाणी केशवनं उपसलं. शीड पद्मननं उतरवलं. हात चिरत गेला, तरी दोर सोडला नाही. त्यानं सोडला असता, तर आम्ही कुणी परत आलो नसतो."

पस्तीस वर्षांचं देणं होतं. फेडलं.