रुक्मीची चीर

बोटी स्वतःच्या डोळ्यांनी वाट काढत, त्या काळातली ही गोष्ट. खाडीत रुक्मी नावाची म्हातारी बोट होती. तिच्या केबिनची काच खाऱ्या वाऱ्याने पांढुरकी झाली होती आणि काचेला मधोमध उभी चीर गेली होती. ती चीर दूरच्या दीपगृहाशी जुळवली, की खाडीच्या तोंडावरचा खडक टळत असे. तीस वर्षे रुक्मी अशीच ये-जा करत होती.

एकदा धाकू सुताराने जुनी काच काढून नवी बसवली. रुक्मी निघाली आणि पार गोंधळली. दीपगृह लख्ख दिसत होते, पण चीर कुठेच नव्हती. मग जुळवायचे काय? ती जरा डावीकडे वळली, जरा उजवीकडे वळली.

"माझी चीर कुठे घालवलीस गं?" ती काचेवर खेकसली. "आता खडक चुकवू कशी?"

"कुठला खडक, आजी?" काच म्हणाली. "तो समोरचा? बगळे बसलेत तो?"

चीर शोधायची सोडून रुक्मीने समोर पाहिले. खडक वीस हातांवर आला होता. तिने अंग मुरडून कशीबशी वाट काढली.

"तीस वर्षं याच्या शेजारून गेले," ती पुटपुटली, "आणि तोंड आज पाहतेय."