उंच ओट्याची धर्मशाळा

"आता तरी किल्ली मिळेल ना, बुवा?"

भवानगीर बुवा सुपात जोंधळे पाखडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

रतनगीर समोर उभा होता. आंबेणी घाटाच्या माथ्यावरच्या या धर्मशाळेत येऊन त्याला तीन वर्षं झाली होती. धान्याच्या कोठीची किल्ली बुवांच्या कमरेला असे, आणि ज्याच्या कमरेला किल्ली त्याच्या हाती धर्मशाळा, अशी तिथली रीत. बुवा आता थकले होते. त्यांच्यामागे आपणच, असं रतनगीरने मनाशी धरलं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. दुसरा शिष्यच नव्हता.

वर्षभरापूर्वी शिमग्याला बुवा त्याला म्हणाले होते, "ही वास्तू पुरती ओळख. मग किल्ली तुझी."

झालं. तेव्हापासून हा पठ्ठ्या हात धुऊन त्या वास्तूच्या मागे लागला. घाटाखालच्या गावांतले म्हातारे गाठले, शिळेवरचं शेवाळ खरवडून अक्षरं लावली. आणि खरं सांगायचं तर, त्याने जे जमवलं ते ऐकून कुणीही हात जोडावेत असंच होतं.

कधीकाळी या माथ्यावर एका लमाण नायकाचे अकरा बैल तहानेने मेले. नायकाने मिठाचा व्यापार सोडला. आधी विहीर खणली, मग तिच्याभोवती बावीस कमानी उभ्या केल्या. तेव्हा पेटलेल्या चुलीतला विस्तव आजवर विझलेला नाही. एका वर्षी गारपिटीत तीनशे माणसं आत मावली. ती मावावीत म्हणून त्या वेळचे बुवा स्वतः बाहेर गारा झेलत उभे राहिले. आणि आलेल्याला गाव-जात विचारायची ती त्याचं जेवण झाल्यावर, हा दंडक तर अजून पाळला जातो. अशी धर्मशाळा त्या मुलखात दुसरी नव्हती. रतनगीरला तिचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

हे सगळं त्याने त्या दिवशी बुवांना एका दमात सांगितलं. गारपिटीपाशी बुवांचे डोळेही पाणावले.

"आणि दारातला ओटा?" त्यांनी विचारलं.

रतनगीर अडखळला. दाराबाहेर एक दगडी ओटा होता, माणसाच्या खांद्याएवढा उंच. त्यावर बसता येत नव्हतं, टेकायचं म्हटलं तरी पाठीला टोचायचा. कुणी म्हणे तो मशालीसाठी, कुणी म्हणे हत्तीवर चढण्यासाठी.

"त्याचं कुणालाच ठाऊक नाही, बुवा."

"हं…"

सूप पुन्हा हलू लागलं. रतनगीर हिरमुसला होऊन बाहेर आला.

एरवी दारात उभं राहणं हे बुवांचं काम. येईल त्याचं ओझं ते स्वतः उतरवून घेत. रतनगीर आत पोथ्यांत असे. त्या दिवशी मात्र दारात तोच होता. चैत्रातली भर दुपार होती, आणि घाट चढून एक बाई वर आली. डोक्यावर भलंमोठं बोचकं. लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती.

"महाराज, घडीभर टेकाया जागा मिळंल का?"

रतनगीरची कळी खुलली. ऐकणारं नवं माणूस मिळालं होतं.

जागा? ही काय साधीसुधी धर्मशाळा आहे, असं म्हणून त्याने जी सुरुवात केली ती थेट अकरा बैलांपासून. बैल मेले, विहीर झाली, मग एकेक कमान बोट दाखवून मोजून झाली. बाई बिचारी भिडस्त. मान डोलवायची तिची तयारी होती, पण डोक्यावर बोचकं असताना ती डोलवणार कशी?

"एवढं एक कोडं मात्र सुटत नाही," रतनगीर ओट्याकडे वळून म्हणाला. "इतका उंच ओटा कुणी का बांधावा…"

बाई मागे सरकत ओट्याला पाठ लावून उभी राहिली होती. तिने मान जराशी कलती केली. बोचकं अलगद दगडावर गेलं.

"कुणी का बांधंना, त्याचं भलं होवो," ती म्हणाली. "डोईचा भार उतराया दुसरं माणूस लागतं. दारात कुणी नसलं तर एकल्या बाईनं काय करावं?"

मग ती तिथेच पायरीवर बसली आणि पदराने वारा घेऊ लागली.

रतनगीर ओट्याकडे बघत राहिला. वरचा दगड जात्याच्या पाळीसारखा गुळगुळीत झिजला होता. तीन वर्षांत त्याने तिथे कधी हात फिरवला नव्हता. त्याला भरून आलं. कोण कुठला तो नायक, आणि त्याने किती पुढचा विचार केला होता!

तो धावतच आत गेला.

"बुवा, ओटा कळला. ओझं उतरवायला आहे तो. दारात कुणी नसेल त्या वेळेसाठी. आता काही राहिलं नाही…"

आणि त्याने हात पुढे केला.

बुवांनी सूप खाली ठेवलं. त्यांचा हात कमरेकडे गेला… आणि तिथून माठाकडे वळला. त्यांनी तांब्या काठोकाठ भरला आणि रतनगीरच्या पसरलेल्या हातावर ठेवला.



"मी किल्ली मागितली होती, बुवा…"

"तीच दिली," बुवा म्हणाले. "बाई बाहेर बसलीय."