पोटातले कावळे आणि बारा शब्द

"बारा शब्द जास्त!" निंबगव्हाण संस्थानचे राजे भुजंगराव गरजले.

एलिया मास्तरांनी पाच वर्षं खपून ख्रिस्ती शास्त्राचं आजच्या मराठी बोलीत भाषांतर केलं होतं आणि छापलेल्या प्रती महाराजांच्या परवानगीसाठी दरबारात आणल्या होत्या. महाराजांनी दोन कारकून बसवून त्यातल्या एका पानाचे शब्द मोजून घेतले. मूळ ग्रीक पानापेक्षा बारा अधिक भरले!

"ही बेइमानी आहे! शब्दाला शब्द हवा. जेवणाआधी बारा शब्द काढा. पण अर्थ हलता कामा नये. नाहीतर सगळ्या प्रती तळ्यात!"

मास्तर मटकन खालीच बसले. त्यांची लेक शलोमी दरबारात दुभाषी होती. ती पुढे झाली.

"सरकार, इमानी भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द?"

"एक कमी नाही, एक जास्त नाही!"

"आज्ञा!"

तेवढ्यात ताटं वाढली गेली आणि जेवणाचे पाहुणे, गोरे डॉक्टरसाहेब, आले. उशीर झाला होता. महाराज कुरकुरले, "सांग त्यांना, वाट पाहून डोळे फुटायची वेळ आली."

शलोमीने इंग्रजीत सांगितलं. साहेब धावले आणि महाराजांच्या पापण्या ताणून आत डोकावू लागले.

"अरे, हे काय? सांग, पोटात कावळे ओरडतायत!"

शलोमीने तेही सांगितलं. साहेबांनी दचकून महाराजांच्या पोटाला नळी लावली आणि गंभीरपणे विचारलं, "किती कावळे?"

"माझं डोकं फिरलंय म्हणावं!"

शलोमीने तेही सांगितलं. साहेबांनी लगेच दोन्ही हातांनी महाराजांचं डोकं घट्ट धरलं आणि ते आणखी फिरू नये म्हणून पट्टी गुंडाळायला घेतली.

"शलोमी! काय सांगतेयस तू?"

"शब्दाला शब्द, सरकार! एक कमी नाही, एक जास्त नाही."

"अगं, मला भूक लागलीय, एवढंच सांग!"

शलोमीने तसं सांगितलं. साहेब "अस्सं होय!" म्हणत हात धुवायला निघाले.

"पण सरकार," शलोमी म्हणाली, "आत्ताच्या भाषांतरात कावळा एकही नव्हता. ही बेइमानी झाली का?"

पट्टीतून महाराजांचा एकच डोळा दिसत होता. "आणि अर्थच चुकला असता तर?"

"तर साहेब अजून कावळेच मोजत बसले असते! कावळे उडाले, सरकार, पण भूक पोहोचली ना?"

महाराज इतके खदखदून हसले की पट्टी सुटून समोरच्या आमटीत पडली.

"मास्तर, उठा! बाराही शब्द राहू द्या, प्रती घेऊन जा. आणखी पाचशे आमच्या छापखान्यात छापा. आणि शलोमी, आजपासून तू संस्थानची मुख्य दुभाषी! आता साहेबांना विचार, पुरणपोळीवर तूप किती घेणार?"